गुऱ्हाळाची पटकथा हातात आहे. कोल्हापुरात राहून सिनेमा होईल का?

गडहिंग्लजकडच्या एका मुलाने विचारलंय : "कोल्हापूरला कलापूर म्हणतात, मराठी सिनेमाचं माहेरघर म्हणतात. मग कलात्मक सिनेमा इथे का होत नाही? माझ्याकडे गुऱ्हाळावर राबणाऱ्या एका कुटुंबाची पटकथा आहे. ती घेऊन पुण्या-मुंबईला जाऊ की इथेच थांबू? आणि असल्या सिनेमानं इथला उद्योग कधी उभा राहील का, की हा नुसता फेस्टिव्हलवाल्यांचा शौक?"

वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो. मी निर्मिती व्यवस्थापनातला माणूस. मालिका, तमाशापट, जाहिराती आणि मधूनमधून तुझ्या मनात आहेत तसले कमी पैशातले सिनेमे, सगळ्यांच्या युनिटचं जेवणखाण आणि हिशोब मी बघितलेत. त्यामुळे माझं उत्तर व्हाउचरच्या बाजूनं येईल.

आधी सरळ सांगतो. पटकथा इथेच लिही, शूटिंग इथेच कर. पण शूटिंग इथे झालं म्हणजे कोल्हापूरचा सिनेमा झाला, असं धरून चालू नको. आपली खरी अडचण तिथे आहे. आपण शूटिंगचं गाव झालोय आणि सिनेमा बनवणारं गाव राहिलेलो नाही.

बनवणारं गाव म्हणजे काय, ते बघायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. बाबूराव पेंटर म्हटलं की आपल्याकडे हार-तुरे आणि भाषणं निघतात, कामाबद्दल कोण फारसं बोलत नाही. आनंदराव आणि बाबूराव हे नात्यानं भाऊ, मेस्त्री घराण्यातले, नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमाचं वेड लागल्यावर त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी काम तडीला नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये पुण्यात 'सैरंध्री' लावला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच सिनेमानंतर. कंपनीला पैसा पुरवणाऱ्यांत तानीबाई कागलकर या गायिका होत्या, हे मुद्दाम सांगतो. एका कलावंत बाईच्या पैशावर महाराष्ट्रातल्या एका मोठ्या फिल्म कंपनीचा पाया घातला गेला आणि आपल्या भाषणांत ते नाव क्वचितच येतं.

त्या कंपनीत पडदा रंगवणं, सुतारकाम, पोशाख, कॅमेरा, फिल्म धुणं, पोस्टर, सगळं एका आवारात चालायचं. 'सिंहगड'साठी १९२३ मध्ये रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात घेतले गेले, ते याच मंडळींनी. आणि १९२५ मध्ये आला 'सावकारी पाश'. शेतकरी सावकाराच्या हाती जमीन घालवतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, अशी गोष्ट. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम. भारतातल्या वास्तववादी सिनेमाचा इतिहास लिहिणारा माणूस या सिनेमाला वळसा घालून जाऊ शकत नाही. मूळ मूकपट आज बघायला मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. पौराणिक आणि ऐतिहासिक सिनेमे लोकांनी जेवढे उचलून धरले तेवढा हा धरला नाही, आणि बाबूराव पुन्हा पोशाखी सिनेमाकडे वळले. म्हणजे 'आपल्याकडे असले सिनेमे बघायला माणसं येत नाहीत' हे रडगाणं कोल्हापुरात जवळजवळ शंभर वर्षांचं आहे. तू त्याचा शोध लावलेला नाहीस.

पुढचं तुला माहीत असेल. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे त्याच कंपनीत घडलेले लोक बाहेर पडले, सीताराम कुलकर्णी पैशासह त्यांना मिळाले, आणि १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात सुरू झाली. 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये इथेच झाला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. 'संत तुकाराम' तिथला, १९३६ चा; पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली. आपल्याकडून उठून गेलेल्या कंपनीच्या जागेत देशाची सिनेमाची शाळा भरते, आणि आपली पोरं तिथली प्रवेशपरीक्षा देतात. हा इतिहास म्हणून कुरवाळत बसण्यात अर्थ नाही, पण त्यातला हिशोब बघ : दामले-फत्तेलाल सिनेमाच्या कुठल्या शाळेत गेले नव्हते. कंपनीत दहा कामं करता करता ते तयार झाले. कंपनी हीच शाळा होती.

प्रभात गेल्यावर राजाराम महाराजांच्या पाठबळानं कोल्हापूर सिनेटोन निघाली, शालिनी सिनेटोन निघाली. सिनेटोनची पुढे जयप्रभा झाली आणि तिथे भालजी पेंढारकरांचं राज्य सुरू झालं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ मध्ये स्टुडिओ जळला, भालजींनी तो कर्ज काढून पुन्हा उभा केला. 'साधी माणसं', 'मोहित्यांची मंजुळा', दादा कोंडक्यांना पहिल्यांदा पडद्यावर आणणारा 'तांबडी माती', ही त्यांची साठच्या दशकातली कामं. त्या काळात लाइट लावणारा, मेकअप करणारा, सेट ठोकणारा इथेच राहायचा आणि त्याचा मुलगा त्याच्या हाताखाली शिकायचा. पुढे रंगीत फिल्म आली, तिच्या लॅब मुंबई-मद्रासला. रोजची रीळं तिकडे जायला लागली, मागोमाग संकलन गेलं, मग ध्वनी गेला, मग माणसं गेली. उद्योग असा निघून जातो. एका दिवसात कोण कुलूप लावत नाही.

जयप्रभाची जागा विकली गेल्याचं २०२२ मध्ये बाहेर आलं तेव्हा इथले कलाकार-तंत्रज्ञ आंदोलनाला बसले. बसायलाच पाहिजे होतं. पण त्या मंडपात मला एक विचार सतत टोचत होता : उद्या ही वास्तू जशीच्या तशी आपल्या ताब्यात आली, तर परवा सकाळी आपण तिथे काय करणार? वास्तू वाचवण्याचा लढा आणि आत चालणारं काम सुरू ठेवण्याचा लढा हे दोन वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी मंडप टाकलेला मी अजून बघितला नाही.

आता आजचा हिशोब. एखादी मालिका किंवा सिनेमा कोल्हापुरात आला की पैसा कुठे जिरतो? लॉज, केटरिंग, गाड्या, जनरेटर, सुतार-रंगारी, स्पॉटबॉय, गर्दीची माणसं. वसगड्यात 'तुझ्यात जीव रंगला'चं शूटिंग वर्षानुवर्षं चाललं तेव्हा वाडा बघायला लांबून लोक येत होते. गावाला नाव मिळालं, हाताला काम मिळालं. मी मालिकांना नावं ठेवणाऱ्यांतला नाही. लाइटमनच्या घरची चूल मालिकेच्या पगारावर पेटते म्हणूनच तो तुझ्या सिनेमासाठी पुढे कमी पैशात आठ दिवस देऊ शकतो, हे लक्षात ठेव. मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी आहे, तीही कामाची आहे. पण लेखन, कॅमेऱ्याचं भाडं, संकलन, ध्वनिमिश्रण, ग्रेडिंग म्हणजे चित्राचे रंग जुळवणं, यातला बहुतेक पैसा घाट उतरून जातो. आणि सिनेमात शिकण्यासारखं जे असतं ते नेमकं याच कामांत असतं. स्पॉटबॉय वीस वर्षं चांगलं काम करूनही स्पॉटबॉयच राहतो, कारण त्याच्या पुढची पायरी गावात नाही.

तुझा प्रश्न इथे येऊन जोडला जातो. कलात्मक सिनेमानं उद्योग वाढतो का? पैशाच्या उलाढालीनं बघितलंस तर नाही. एक मालिका वर्षभरात जेवढ्या कामाच्या शिफ्ट देते तेवढ्या तुझ्यासारखे कितीतरी सिनेमे मिळून देणार नाहीत. पण असा सिनेमा ज्या पद्धतीनं बनतो, ती पद्धत गावात कारागीर तयार करते. युनिट लहान असतं, त्यामुळे एका माणसाला तीन कामं करावी लागतात, आणि तीन कामं केली की तो शिकतो. तयारी लांबते, त्यामुळे लेखक, कला-दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक महिनोन् महिने गावात येऊन-जाऊन असतात. नट इथलेच घ्यावे लागतात, कारण नाववाल्याला द्यायला पैसे नसतात. म्हणजे बाबूरावांच्या आवाराची लहानशी आवृत्तीच. मोठं युनिट मुंबईहून सगळं तयार घेऊन येतं आणि जाताना सगळं घेऊन जातं. लहान युनिटला इथल्यांना शिकवल्याशिवाय गत्यंतरच नसतं.

हे मी हवेत बोलत नाही. गेल्या वीस वर्षांतला मराठी सिनेमा बघ. 'श्वास'ला २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि मराठीत पुन्हा हिंमत आली. मग 'देऊळ', 'फँड्री', 'कोर्ट', 'किल्ला'. 'कोर्ट'नं २०१४ मध्ये व्हेनिसला बक्षीस घेतलं, आणि त्यात कितीतरी माणसं आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. जयंत सोमलकरांनी 'स्थळ' विदर्भातल्या खेड्यात तिथल्याच लोकांना घेऊन केला आणि तो २०२३ मध्ये टोरांटोला गेला. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्सला परदेशी कथापटांतलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. यातल्या कुणीही आधी चित्रनगरी असावी, स्टुडिओ असावा, मग सिनेमा करू असं म्हणत थांबलं नाही.

आणि आपल्या मातीतला ऐवज बघ. 'जोगवा'च्या मुळाशी राजन गवस यांच्या कादंबऱ्या आहेत, गवस आपल्याच जिल्ह्यातले. 'नटरंग' आनंद यादवांच्या कादंबरीवरून, यादव कागलचे. 'धग'साठी अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक घेतलेली उषा जाधव कोल्हापूरची. लेखक आपले, नटी आपली, जमीन आपली. निर्मिती मात्र दर वेळी दुसरीकडून येते. पटकथा घेऊन तू मुंबईला गेलास तर या यादीत आणखी एक भर पडेल, एवढंच. अर्थात जाऊच नको असं नाही. काम शिकायला जा. संकलकाच्या खोलीत वर्षभर बस, पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे कमी मुदतीचे कोर्स असतात त्यातला एखादा कर, दरवर्षी नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी फिल्म बाजार भरतो तिथे दोन वर्षं नुसता बघायला जा. गडहिंग्लजहून आंबोली उतरलं की गोवा, मुंबईवाल्यांपेक्षा तुला जवळ. तिथे परदेशी निर्माते, महोत्सवांची निवड करणारी माणसं, अर्धवट कापलेले सिनेमे, सगळं एका छताखाली असतं. पण गोष्ट विकायला जाऊ नको. गोष्ट इथेच ठेव.

दक्षिणेतल्या राज्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती स्टुडिओ नाही. केरळात अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६५ मध्ये आधी चित्रलेखा ही फिल्म सोसायटी काढली. त्यांचा पहिला कथापट 'स्वयंवरम्' आला १९७२ मध्ये. मधली सात वर्षं काय केलं? लोकांना सिनेमे दाखवले. मल्याळम सिनेमाचा कारभार तेव्हा मद्रासमधून चालायचा. तो हळूहळू घरी आणताना या सोसायट्यांनी तयार केलेला प्रेक्षक कामाला आला. कर्नाटकातलं हेग्गोडू तर शिवमोग्गा जिल्ह्यातलं खेडं. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या नाट्यसंस्थेनं सुपारीच्या बागा करणाऱ्या लोकांना जगातला उत्तम सिनेमा दाखवला, त्यावर बोलायला शिकवलं. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधले सतीश बहादूर तिथे रसास्वादाचे वर्ग घ्यायला जायचे. खेड्यातल्या माणसाला हे कळत नाही, ही समजूत तिथे निकालात निघाली. आपल्याकडे काही जणांना अजून ती सोडवत नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्याच नावाची फिल्म सोसायटी आहे, दसरा चौकात शाहू स्मारकला तिचे खेळ होतात, आंतरराष्ट्रीय महोत्सवही भरवतात. चालवणाऱ्यांनी पदरमोड करून चालवलंय, त्याबद्दल वाकून नमस्कार. पण खुर्च्यांकडे बघितलं की पुढच्या चार रांगांत निवृत्त प्राध्यापक आणि बँकवाले, मागे मोजकी पोरं. हा दोष सोसायटीचा नाही. सिनेमा पेठेत न्यायला पाहिजे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत. तालीम म्हणजे आखाडाच नव्हे, ती फुटबॉलचा संघ चालवते, गणपती बसवते, लग्नाला मांडव घालते, पूर आला की बोटी काढते. तिच्याकडे हॉल आहे, साउंड सिस्टिम आहे, रात्री जागणारी पोरं आहेत. महिन्यातून एक रात्र तालमीत सिनेमा, आणि खेळ संपल्यावर चहाबरोबर भांडण. मी म्हणतो ते भांडण फार महत्त्वाचं. फुटबॉलची मॅच संपल्यावर ऑफसाइडवरून जसं भांडतात तसं शेवटच्या शॉटवरून भांडायला लागले की तुझा प्रेक्षक तयार झाला. यात हक्कांचा विचार कर. निर्मात्याची लेखी परवानगी घे, बहुतेक लहान निर्माते आनंदानं देतात, दोन-तीन हजारांत किंवा फुकटात. चोरीची प्रत लावू नको. उद्या तुझाही सिनेमा कुठल्यातरी तालमीत लागणार आहे.

थिएटरचं म्हणशील तर तिथे गणित कठीण आहे. एकपडदा थिएटरं एकेक करून मिटत गेली, मल्टिप्लेक्स तुला दुपारचा साडेबाराचा खेळ देणार. समज दीडशे खुर्च्या, शंभर रुपये तिकीट, निम्म्या खुर्च्या भरल्या. साडेसात हजारांचा गल्ला. त्यातून कर गेला, निम्म्याच्या आसपास थिएटरचा वाटा गेला, वितरकाचं कमिशन गेलं. खाली उरतं त्यात पोस्टर चिकटवणाऱ्याची मजुरी सुटते. म्हणून पहिल्या शुक्रवारी राज्यभर साठ पडदे घेण्याच्या नादाला लागू नको. आपल्या जिल्ह्यात, इचलकरंजी, गारगोटी, राधानगरी, चंदगड, एकेका गावी आधी विकलेल्या तिकिटांवर एकेक खेळ कर. कॉलेज, शिक्षक संघटना, बचत गट. हा प्रवास दोन वर्षं चालतो आणि दमवतो, पण हातात येणारा पैसा रोख असतो आणि माणसं तोंडओळखीची होतात.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात. १९७५ पासून मराठी सिनेमाला करमणूक कर परत मिळायची योजना आली, तिनं व्यवसायाला हात दिला. पण कर गल्ल्यावर, त्यामुळे परतावाही गल्ल्यावर. ज्याचा सिनेमा चालला त्यालाच जास्त मिळायचं. पुढे दर्जा ठरवून अनुदान द्यायची पद्धत आली, ती तुझ्यासारख्याला बरी. पण ते अनुदान सिनेमा पूर्ण होऊन, प्रदर्शित होऊन, कागदपत्रं लागून मग येतं. अनुदान येईल म्हणून आधी व्याजानं पैसे काढणारे बघितलेत. 'सावकारी पाश' त्यांच्यावरच पुन्हा काढता येईल. अनुदान मिळालं तर ते पुढच्या सिनेमाचं बियाणं, असं धर आणि या सिनेमाच्या बजेटमध्ये त्याची ओळसुद्धा लिहू नको.

मग पैसा कुठून? कोल्हापुरात राहून हा प्रश्न विचारतोस म्हणून गंमत वाटते. सहकार आपल्याइतका कुणाच्या रक्तात आहे? साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, पतसंस्था. १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा 'मंथन' झाला, तो गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढून. दहा लाखांत सिनेमा झाला, आणि शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले. त्याच्या लेखनात विजय तेंडुलकर होते, पडद्यावर स्मिता पाटील, गिरीश कर्नाड. मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहमनं १९८६ मध्ये केरळात 'अम्मा अरियान' केला तो गावोगाव फिरून, सिनेमे दाखवून लोकांकडून गोळा केलेल्या वर्गणीवर. आपल्याकडे दुधाच्या बिलातून विमा कापला जातो, शेअर कापला जातो, मंदिराची वर्गणी कापली जाते. सिनेमासाठी दोन रुपये कापा असं कुणी संघाच्या सभेत म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आता त्यातले खड्डेही सांगतो. सहकारी संस्थेचा पैसा आला की अध्यक्ष येणार, आणि अध्यक्ष आले की पुढची निवडणूक येणार. एका कामात पैसे देणाऱ्या संस्थेच्या पुढाऱ्यानं त्याच्या कारखान्याचं गेट सिनेमात दिसलं पाहिजे अशी अट घातली. दिग्दर्शकानं गेट दाखवलं, त्याच्यासमोर थकलेल्या बैलगाड्यांची रांगही दाखवली, मग पुढचा हप्ता आला नाही. म्हणून एका मोठ्या संस्थेकडून सगळे पैसे घेण्यापेक्षा खूप लोकांकडून थोडे थोडे घेतलेले बरे. चारशे माणसांनी पाच-पाच हजार दिले तर वीस लाख होतात. लहान युनिटचं शूटिंग त्यात ओढूनताणून बसतं, संकलन-ध्वनीला पुढे वेगळे उभे करावे लागतात. पण 'पैसे लावा, नफा देतो' असं म्हणून चारशे लोकांकडून रक्कम घेणं हे कायद्याच्या दृष्टीनं वेगळंच प्रकरण होतं, त्यात पडू नको. वर्गणी घे, आगाऊ तिकिटं विक, श्रेयनामावलीत नाव दे, पण परताव्याचं वचन लेखी किंवा तोंडी देऊ नको. पहिला रुपया घ्यायच्या आधी चार्टर्ड अकाउंटंटकडे जाऊन ये. सिनेमावाल्यांना कॅमेऱ्याची लेन्स माहीत असते, बँकेचं वेगळं खातं उघडायचं सुचत नाही.

इथे खर्च करायचाच असेल तर कुठे कर, यावर माझं मत पक्कं आहे : ध्वनीवर. आपली बोली हा तुझ्या सिनेमाचा अर्धा जीव आहे. आपल्या भागातली बाई 'मी आलो, मी जातो' म्हणते. 'काय करालाइस' विचारते. मुंबईच्या डबिंग स्टुडिओत तीच बाई 'मी आले हं' म्हणायला लागते आणि खेळ खलास. त्यामुळे सिंक साउंड. जागेवर, नटाच्या तोंडून, तिथल्या तिथे. त्यासाठी चांगला ध्वनिमुद्रक पुण्याहून आण, त्याला नीट पैसे दे, आणि त्याच्या हाताखाली इथली दोन पोरं बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरायला दे, अट घालून. त्या पोरांपैकी एक जरी पुढे टिकला तरी कोल्हापुरात एक ध्वनिमुद्रक झाला. संकलनही इथेच कर. आज चांगल्या संगणकावर ते होतं, संकलकाला बोलावून महिनाभर घरात ठेवून घे. शेवटचं मिश्रण आणि ग्रेडिंग बाहेर करावं लागेल, ते कर, त्यात हट्ट नको. मात्र चित्रनगरीत सेटच्या गावांबरोबर एक मिश्रणाची खोली, एक ग्रेडिंगची खोली आणि पुण्याच्या निम्म्या दरात ती भाड्यानं, एवढी मागणी आपण सगळ्यांनी मिळून रेटली पाहिजे. चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे. निवेदन द्यायला लांब जावं लागत नाही.

आता तुझ्या गुऱ्हाळाबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. पटकथा न वाचता सांगतो. गुऱ्हाळ दिवाळीच्या आसपास पेटतं आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतं, पण कुठलं गुऱ्हाळ कधी बंद पडेल त्याचा नेम नाही. उसाचा दर कारखान्यानं चढा दिला की ऊस तिकडे वळतो. त्यामुळे एकावर अवलंबून राहू नको, दोन गुऱ्हाळं धरून ठेव, आणि दोन्हीकडचं चुलवाण म्हणजे भट्टी, काहिलीची म्हणजे रस आटवायच्या कढईची जागा, उजेड येण्याची दिशा सारखी आहे का ते बघ, नाहीतर कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा पुढच्याशी मेळ, बोंबलतो. ऊस पिळायचा चरक मोटारीवर असेल तर तिचा आवाज सगळे संवाद खाऊन टाकतो. संवादाचे प्रसंग चरक थांबल्यावर, रस काहिलीत उकळत असताना घे. त्या वेळी माणसं खरोखरच बोलत बसलेली असतात. पहाटेचा प्रसंग पहाटेच घे, वाफेवर उजेड पडतो तो तुला कुठल्याही लाइटनं मिळणार नाही.

मुख्य म्हणजे रिटेक. काहील उतरवण्याची घटका गुळव्या, म्हणजे गूळ करणारा जाणकार, ठरवतो, तुझा दिग्दर्शक नाही. पाक तयार झाला की उतरायलाच लागतो. 'एकदा परत' म्हणायला गेलास तर गूळ करपतो आणि रवा, म्हणजे गुळाची ढेप, विकली जात नाही. म्हणून तो शॉट दोन कॅमेऱ्यांनी घे, नाहीतर पुढच्या काहिलीपर्यंत तीन तास थांबायची तयारी ठेव. मालकाबरोबर आधीच कागद कर : दिवसाचं भाडं किती, युनिटमुळे एखादी काहील बिघडली तर भरपाई किती, जेवण कुणाचं, रात्री वीज वापरली तर बिल कुणी भरायचं. गुळव्या आणि जाळ घालणारा यांना नट म्हणून उभं करणार असशील तर त्यांचे पैसे वेगळे ठरव आणि रोज संध्याकाळी त्यांच्याच हातात दे, मालकामार्फत नको. आणि शूटिंगच्या आधी एक अख्खा हंगाम कॅमेरा न नेता तिथे जाऊन बस. ध्वनिमुद्रकाला एकदा तरी बरोबर ने.